श्वास सोडल्यावर

गव्हर्नर्स ड्राइव्हच्या सिग्नलला गाडी थांबली आणि शेजारच्या सीटवर पालथा पडलेला फोन एकदा गुरगुरला. रोवीना टिडवेलने तो सवयीने उचलला. इस्पितळाकडून संदेश होता. डॉक्टर स्ट्राउड यांनी मागच्या भेटीची नोंद आज खुली केली होती. रुग्णाला आता ती वाचता येणार होती. तिने वाचली. रुग्ण, वय सत्तेचाळीस, वजन आणखी सहा पौंडांनी कमी. पतीने फोनवर सांगितल्यानुसार रुग्ण घरी जेवण टाळते, वाढलेलं अन्न कचऱ्यात लपवते. कारण मानसिक असण्याची शक्यता मोठी. पुढचा स्कॅन निर्दोष आला तर आहारविकार विभागाकडे पाठवून ही फाइल बंद करावी. मागच्या ट्रकने भोंगा वाजवला. दिवा हिरवा झाला होता, बहुधा बराच वेळ झाला होता. तिने गाडी पुढे घेतली, एक चौक गेला, दुसरा गेला, आणि मग तिच्या लक्षात आलं की पुढचा स्कॅन म्हणजे आजचाच, दोन वाजताचा, आणि ती त्यासाठीच निघाली आहे.

पतीने फोनवर सांगितल्यानुसार. म्हणजे वूडीने फोन केला. गॅरेजमधून केला असणार, गवत कापायच्या यंत्राशेजारी उभं राहून, चर्चमधल्या लोकांशी बोलताना काढतो तो मऊ, लोण्यासारखा आवाज काढून. त्या आवाजाचा तिला आता राग येत नव्हता. शिसारी येत होती, रागाच्या पलीकडची, थंड. आणि यातली खरी बोच अशी की तो खोटं बोलला नव्हता. ती लपवत होतीच. मागच्या रविवारी चर्चच्या बायकांनी आणलेलं चिकन-भाताचं कॅसरोल तिने चमच्याचमच्याने कॉफीच्या ओल्या गाळाखाली पुरलं होतं, वर वर्तमानपत्र अंथरलं होतं, लहान मूल मेलेली चिमणी पुरतं तसं. कारण ताटात ठेवलं तर वूडी समोर बसायचा. हनुवटीला हात लावून, डोळ्यांत पाणी आणून बसायचा, आणि ती घास घेईपर्यंत हलायचा नाही. घास घेतला की तो हसायचा. आणि वीस मिनिटांनी, बरोबर वीस मिनिटांनी, छातीच्या हाडाखाली आतून कुणीतरी ओलं धुणं पिळायला घ्यायचं. पिळायचं, झटकायचं, पुन्हा पिळायचं. ती न्हाणीघरात जाऊन गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर पडायची, नळ सोडून द्यायची, म्हणजे त्याला ऐकू जाऊ नये. तो दाराबाहेरून विचारायचा, ‘रो, पोटात राहिलं ना गं?’ दोन वर्षं. आधी ती सगळं खात होती. मग मऊ तेवढं, मग पातळ तेवढं. आता दिवसाला चार वाट्या रस्सा, तोही उभ्याने. चौऱ्याण्णव पौंड. आरशात बघितलं की खांद्याची हाडं लाकडी हँगरसारखी दिसायची आणि त्यावर लटकलेली बाई कुणा दुसरीची वाटायची.

गंमत म्हणजे ती खगोलशास्त्रज्ञ, आणि तिचं सगळं आयुष्य एका खाणाऱ्या ताऱ्याकडे बघण्यात गेलं होतं. हंट्सव्हिल शहराच्या हद्दीत सहज मावेल एवढा गोळा, आणि वजन सूर्यापेक्षा जास्त. शेजारी एक साधा, मवाळ, पिवळसर तारा. पावणेपाच तासांत दोघं एकमेकांभोवती एक फेरी घेतात, आणि तो बारका, अंगाने काहीच नसलेला, शेजाऱ्याच्या अंगावरचं ओरबाडून खातो. खातो ते सरळ तोंडात पडत नाही. आधी गोल फिरतं, फिरता फिरता तापतं, तापता तापता इतकं तापतं की डोळ्यांना दिसायचंच बंद होतं आणि क्ष-किरणांतून बोलायला लागतं. सँड माउंटनवर तिच्या आजोबांची मक्याची गिरणी होती, ओढ्याच्या पाण्यावरची. लहानपणी ती जात्याच्या दगडाच्या मधल्या भोकापाशी ओणवी व्हायची. दाणे काठाकाठाने नाचत, गरगरत, आत आत येत, आणि मग एका क्षणाला नसत. पुढे विद्यापीठात प्राध्यापकाने फळ्यावर न्यूट्रॉन ताऱ्याभोवतीची तबकडी काढली तेव्हा सगळा वर्ग वहीत उतरवून घेत होता, आणि हिला मात्र नाकात ताज्या पिठाचा वास आला होता. भूक म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता वाटे, त्या ताऱ्याला कुणी विचारत नाही, पोटात राहिलं ना रे.

इस्पितळाच्या वाहनतळावर तिने गाडी लावली, पण उतरली नाही. फोनवर जुना अहवाल काढला, गेल्या नोव्हेंबरमधला. तिने स्वतःच वाचून वाचून स्ट्राउडकडे हट्ट धरला होता: श्वासपटलाचा एक पट्टा असतो, कमानीसारखा, काही थोड्या माणसांत तो जन्मतःच खाली असतो आणि जठराकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला दाबतो, तो बघा. स्ट्राउडने भुवई उचलून स्कॅन लिहून दिला होता. अहवालात होतं, वाहिनी मोकळी. ते दोन शब्द तिला पाठ होते. त्यांनीच तिला वेडी ठरवलं होतं. आज तिची नजर त्यांच्या वरच्या ओळीवर गेली, जी कुणीच वाचत नाही, जशी कुणी औषधाच्या बाटलीवरचा कारखान्याचा पत्ता वाचत नाही. चित्रण पूर्ण श्वास घेतलेल्या स्थितीत. तिच्या मानेवरचे केस ताठ झाले. श्वास घेतला की सगळं खाली सरकतं, वाहिनी कमानीतून सुटते. सोडला की तिचं मूळ वर सरकतं, कमानीत अडकतं. आणि यंत्रात शिरणाऱ्या प्रत्येक माणसाला यंत्र एकच सांगतं. श्वास घ्या, धरा. ते तिला दर वेळी सुटलेल्या क्षणीच बघत होते.

हे तिला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही तरी तिला. कारण याच चुकीवर तिचं नाव झालं होतं. बारा वर्षांपूर्वी थेडा मॅकरे नावाची एक बारीक, तोतरी मुलगी तिच्या हाताखाली काम करायला आली होती, आणि चौथ्या महिन्यात कागदांचा गठ्ठा छातीशी धरून दारात उभी राहिली होती. त्या खाणाऱ्या ताऱ्याचा उजेड पावणेपाच तासांनी एकदा बुडतो, ती म्हणाली. काहीतरी आडवं येतं, वायूचा फुगवटा. रोवीनाने त्या ताऱ्याकडे सहा वर्षं बघितलं होतं आणि उजेड एकदाही बुडाला नव्हता. ‘मी सात वेळा मोजलंय,’ थेडा म्हणाली. ‘मग सात वेळा तुला जे हवं होतं ते दिसलंय,’ रोवीना म्हणाली, आणि मान वर न करता म्हणाली. नंतर एकदा सगळ्यांच्या बैठकीतही म्हणाली, आणि लोक हसले. थेडा वसंतात निघून गेली. दोन वर्षांनी रोवीनाने एका कंटाळवाण्या दुपारी गणित मांडून बघितलं. तिचा उपग्रह दीड तासाच्या थोडा वर पृथ्वीभोवती एक फेरी मारायचा आणि प्रत्येक फेरीत निम्मा वेळ पृथ्वीच त्याच्या डोळ्यांवर यायची. त्याच्या तीन फेऱ्या म्हणजे ताऱ्यांची एक. उजेड बुडायची वेळ आणि डोळा मिटायची वेळ, सहा वर्षं, एकच. थेडाने दुसरा उपग्रह वापरला होता, लांब जाऊन दोन दोन दिवस पापणी न लवता बघणारा. तो शोध रोवीनाच्या नावावर छापून आला. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत: थेडा मॅकरे यांच्याशी झालेल्या चर्चेबद्दल आभार.

स्कॅनच्या खोलीत व्हर्नीस होती. व्हर्नीस पूल, ठेंगणी, काळी, पन्नाशीची, जांभळ्या काचांचा चष्मा गळ्यात. नोव्हेंबरातही तीच होती.

‘मिस रोवीना. परत आलात. तुमच्या नावाची पाटीच लावते मी या टेबलाला.’

‘आज शेवटचं.’

‘सगळे तेच म्हणतात. धातूचं काही अंगावर? अंगठी, पिन, राग?’

‘राग आहे.’

‘तो टोपलीत ठेवा, जाताना परत मिळेल.’ तिने दंडावर पट्टा बांधला, शीर शोधायला दोनदा टिचक्या मारल्या. ‘शीर तरी ठेवायची होतीत माझ्यासाठी. काय हाल केलेत हाताचे.’

‘व्हर्नीस, आज मला श्वास सोडून धरायचाय. आत घेऊन नाही.’

‘यंत्रातली बाई सांगेल ते करायचं.’

‘ती चुकीचं सांगते.’

‘बारा वर्षं ती एकच सांगते. माझ्या दोन्ही नवऱ्यांपेक्षा भरवशाची आहे.’

‘डॉक्टरांना विचाराल?’

व्हर्नीसने फोन लावला, ऐकलं, ठेवला. ‘म्हणाले, नेहमीसारखं. आणि वर मला म्हणाले, त्या बाईला तिथे शिकवू देऊ नका.’ तिने शिरेत सुई सरकवली. ‘तुम्ही शिकवता का काही?’

टेबल आत सरकलं. शिरेतून औषध चढलं, घशात नाण्याची चव आली, मग पोटाखाली ती ओळखीची, लाजिरवाणी ऊब पसरली. वर्तुळ डोक्यावर फिरायला लागलं. श्वास घ्या, यंत्रातली बाई म्हणाली, गोड, जणू अंगाई गातेय. रोवीनाने श्वास सोडला. सगळा सोडला, शेवटच्या थेंबापर्यंत, बरगड्या पाठीला लागेपर्यंत. धरा, बाई म्हणाली. तिने धरलं. आत कुठेतरी वाहिनी वर सरकून कमानीत अडकली असेल. तिला वाटलं आपण आत्ता विहिरीच्या तळाशी आहोत आणि वर कुणीतरी झाकण ठेवतंय, आणि पहिल्यांदाच कुणीतरी ते ठेवताना बघतंय. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचले. आता श्वास घ्या, बाई म्हणाली. तिने घेतला तो हुंदक्यासारखा आला.

काचेमागून व्हर्नीस बाहेर आली. चष्मा नाकावर होता. ‘उलटं केलंत तुम्ही.’

‘हो.’

‘दिसतं मला. पटल इथवर वर आलंय. मला काय आंधळी समजलात?’

‘पुसणार का?’

‘पुसायला ती काय फळ्यावरची बेरीज आहे. काढलं ते काढलं.’ ती चिडली होती, खरोखर चिडली होती. तिच्या हाताखाली हे झालं होतं. ‘पण मी लिहिणार, रुग्णाने सूचना पाळली नाही.’

‘लिहा. आणि पुढे लिहा, श्वास सोडलेला.’

‘ते तुम्ही सांगायला नको. कसं काढलं ते न लिहिता मी आजवर एक चित्र वर पाठवलेलं नाही. आता दुसरी फेरी आहे, ती नीट करा, नाहीतर मी स्वतः आत येऊन तुमची बरगडी धरीन.’ दुसरी फेरी रोवीनाने श्वास घेऊन केली, शहाण्या मुलीसारखी.

स्ट्राउडच्या खोलीत वूडी आधीच येऊन बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. त्याला बोलावलं कुणी, हे तिने विचारलं नाही. उत्तर समोर बसलं होतं. स्ट्राउड उंच, घासूनपुसून ठेवल्यासारखा माणूस. तो वूडीला मिस्टर टिडवेल म्हणायचा आणि तिला मिसेस. ती डॉक्टर टिडवेल होती, हे तिने दोनदा सांगितलं होतं आणि तिसऱ्यांदा सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती. एकात वाहिनी सरळ निघालेली, जाडसर. दुसऱ्यात तिला वरून एक खाच पडली होती, आकड्यासारखी, दोऱ्याने आवळलेल्या पुरचुंडीच्या गळ्यासारखी. रोवीना बघत राहिली. स्वतःच्या पोटातलं काही इतकं देखणं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

‘तुम्ही सूचना पाळली नाहीत, मिसेस टिडवेल.’

‘खाच दिसतेय.’

‘दिसतेय. श्वास सोडला की बऱ्याच धडधाकट माणसांची ही वाहिनी थोडीबहुत दबते. त्यांना पत्ताही नसतो. शनिवारी बार्बेक्यू खातात, रविवारी उरलेलं खातात.’

तो बरोबर बोलत होता. कुणी असा शोधनिबंध तपासायला तिच्याकडे पाठवला असता तर तिने समासात हेच लिहिलं असतं, आणि याहून झोंबेल असं लिहिलं असतं. खाच आहे म्हणजे दुखणं तिच्यामुळेच असं नाही. स्ट्राउड वूडीकडे वळला. ‘मिस्टर टिडवेल, तुम्ही रोज बघता. तुम्हाला काय वाटतं?’

वूडीने टोपी फिरवली. ‘मला वाटतं ती घाबरते, डॉक्टर. जेवणालाच घाबरते. आम्ही प्रार्थना करतोच आहोत.’

‘पोट माझं आहे,’ रोवीना म्हणाली. ‘मला विचारा. काय झालं म्हणजे तुम्हाला पटेल, ते सांगा.’

स्ट्राउडने तिच्याकडे पहिल्यांदा थोडं लक्ष देऊन पाहिलं. प्रेमाने नव्हे, बुद्धिबळात समोरच्याने बरी खेळी केली की बघतात तसं. ‘पाठीतून सुई देऊन तिथल्या नसा बधिर करता येतात. तीनचार तास. तेवढ्यात तुम्ही जेवायचं, इथे, माझ्यासमोर. पूर्ण ताट. दुखलं, तर दुखण्याचं मूळ तिथे नाही, आणि मग तुम्ही मी सांगेन त्या विभागात भरती व्हायचं, तक्रार न करता.’

‘आणि नाही दुखलं?’

‘तर सर्जनला मी स्वतः फोन करीन. पुढच्या बुधवारी या.’

खाली वाहनतळावर ते दोघं आपापल्या गाडीच्या दाराशी उभे राहून बोलले, मध्ये दोन छपरं. ‘मी काळजीपोटी केलं, रो.’ ‘तू साक्ष दिलीस.’ ‘कोर्ट आहे का हे?’ ‘तुला माहीत नव्हतं?’ तो रडवेला झाला. गेल्या बुधवारच्या प्रार्थनासभेत तुझं नाव घेतलं, म्हणाला, चाळीस माणसांनी डोळे मिटले तुझ्यासाठी. ती म्हणाली, चाळिसांतल्या एकाने उघडले असते तर बरं झालं असतं. मग ती गाडीत बसली आणि निघाली.

ते आठ दिवस ती पाहुण्यांच्या खोलीत झोपली. चौथ्या दिवशी दुपारी तिने चॅटानूगाच्या एका शाळेत फोन लावला आणि गणिताच्या मिस मॅकरे हव्यात म्हणून सांगितलं. थेडाचा आवाज आता तोतरा नव्हता. रोवीनाने सगळं सांगितलं: उपग्रह, तीन फेऱ्या, बारीक अक्षरांतले आभार. ‘मी चुकले होते,’ ती म्हणाली.

‘मला माहीत आहे,’ थेडा म्हणाली. ‘मला तेव्हाही माहीत होतं. तुम्हाला बरं नाहीये का?’

‘का?’

‘बरं नसलं की माणसं असे फोन करतात. माझा पुढचा तास आहे.’ फोन ठेवल्यावर रोवीनाला हलकं वाटलं नाही. वाटेल अशी आशा तिने केली होती, हे तिला ठेवल्यावरच कळलं, आणि त्याचीच लाज वाटली.

बुधवारी सुई दिली. पालथं निजवून, पाठीच्या कण्याच्या बाजूने, लांब, आत, आणखी आत. मग आतमध्ये एक उबदार चिखल पसरल्यासारखं झालं आणि त्या चिखलात दोन वर्षांचं पिळणं हळूहळू बुडालं. तिला उठवून बसवलं. नर्सने ताट आणलं: तळलेलं चिकन, कुस्करलेला बटाटा, शिजवून काळी झालेली कॉलर्डची पालेभाजी, मक्याचा ब्रेड, पीच फळांचं गोड कॉब्लर. स्ट्राउड खिडकीशी उभा, मनगटावर घड्याळ. वूडी खुर्चीत, हनुवटीला हात. ती खाऊ लागली. चव आधी ओळखता येईना. मग मीठ आलं, मग चरबी, मग कातडीचा कुरकुरीतपणा, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने त्या दोघांना न दाखवता भाजीवर मान वाकवून गिळलं. तिने सगळं खाल्लं, हाडं चोखली. अकरा मिनिटं. पंधरा. अठराव्या मिनिटाला तिने पलंगाची कड धरली. अंग आपसूक आवळून आलं, मार चुकवणाऱ्या कुत्र्यासारखं. वीस. बावीस. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेली. पंचवीस. काही नाही. आत नुसती भरलेली, जड, मुकी शांतता, आणि तिच्या कडेला काहीतरी जुनं, फार जुनं, जे तिला आधी नाव घेऊन हाक मारता येईना. तिला आणखी भूक लागली होती.

‘चाळीस मिनिटं,’ स्ट्राउड म्हणाला. माफीचा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. ‘सर्जनला फोन करतो, डॉक्टर टिडवेल.’ आणि तो गेला.

वूडीच्या गालांवरून आसवं वाहत होती. तो उठून आला, तिचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ, इतका खरा आनंद होता की तिला त्याची कीव आली असती. ‘बघ, रो,’ तो म्हणाला. ‘मी म्हणत नव्हतो? मनावर घेतलंस की जातं तुला. देवाने ऐकलं. मी सगळ्यांना सांगत होतो, एकदा तिने ठरवलं की ती खाईल.’

रोवीना त्याच्याकडे बघत राहिली. काही सांगावं असं तिच्या मनात आलं; कमान, खाच, सुई, बधिर नसा, एकेक करून. मग ते जसं आलं तसंच निघून गेलं. सुईचे अजून तीन तास होते. तिने हात सोडवून घेतला, रुमालाला पुसला.

‘वूडी,’ ती म्हणाली, ‘खाली जाऊन अजून एक ताट आण ना.’

तो जवळजवळ पळतच गेला. दार मिटल्यावर तिने नर्सला जवळ बोलावलं. ‘तो आला की ताट घ्या,’ ती म्हणाली. ‘त्याला आत सोडू नका.’